तोतारामच्या फोटोपुढचं ताट

बद्री, चष्मा कपाळावर आहे. खिसे चाचपू नकोस, ममताला हाका मारू नकोस. कपाळावरून खाली ओढ आणि वाच. हे कागद तूच मोठ्याने वाचायचे आहेत. एक तर तू थोरला, आणि दुसरं म्हणजे आईने जन्मभर काय काय सांगितलं त्यातलं निम्मं तू घाटावरून घरी येईपर्यंत विसरायचास. तोंडचं विसरता येतं. कागद समोर धरला की पंचाईत होते. म्हणून हा खटाटोप.

मी, गेंदाबाई, कै. मांगीलाल केवट यांची विधवा, राहणार केवट मोहल्ला, पिपलीघाट, नर्मदेचा उत्तर तीर, निमाड. धंदा नाव चालवणे, मासे विकणे व गोधड्या शिवणे. वय आधार कार्डाप्रमाणे सत्त्याहत्तर, जन्म एक जानेवारी. (आमच्या मोहल्ल्यातल्या सगळ्या म्हाताऱ्या एक जानेवारीलाच जन्मल्या. त्या दिवशी सुईणीचे काय हाल झाले असतील ते सरकारलाच ठाऊक.) आज रोजी हे मृत्युपत्र करून ठेवते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण यापूर्वी माझ्या मरणाची वाट बघणारं कोणी नव्हतं.

मला अक्षरओळख नाही. मी बोलते, वकील भास्करराव मुळ्ये लिहितात, वाचून दाखवतात, मग मी पुढचं बोलते. यात कायद्याचे शब्द त्यांचे आणि शिव्या माझ्या. शिवीच्या जागी त्यांनी 'सदर इसम' असं लिहिलं असेल तर ऐकणाऱ्यांनी समजून घ्यावं.

वकिलांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "गेंदामाय, तुम्ही पूर्ण शुद्धीत आहात ना? कुणी दबाव वगैरे टाकला नाही ना?"

मी म्हटलं, "टाकला की. दोन वर्षं टाकतायत. त्या दबावाखाली गेले नाही म्हणून तर तुला इथे बोलावलं."

"तसं लिहिता येत नाही, माय."

"मग लिही, बाई शुद्धीत आहे. नशा बिडीची, तीही जेवणानंतर."

आज मौनी अमावास्या. लोक आज तोंड मिटून पुण्य जमवतात. घाटावर मंडळाचा लाऊडस्पीकर पहाटेपासून ओरडतोय, 'मौन पाळा, मौन पाळा.' ज्यांना पाळायचं त्यांनी पाळावं. मी आजचं पुण्य सोडून बोलायला बसले आहे.

कलम पहिले : घर.

माझं घर दोन खोल्यांचं, पुढे ओटा, ओट्यावर कडुनिंब. जुनं घर पुरात गेलं तेव्हा सरकारने ही जागा दिली आणि पट्टा माझ्या नावाने केला. चतुःसीमा येणेप्रमाणे : पूर्वेस शकूरभाई मोमीन यांची मागाची खोली, पश्चिमेस दिव्यदुकूल सेवा मंडळाचे 'दिव्य प्रसाधनगृह' (संडाससुद्धा दिव्य), दक्षिणेस घाटाच्या पायऱ्या व नर्मदा मैया, उत्तरेस रस्ता, जिथे पूर्वी बैल उभे राहत व आता यात्रेकरूंच्या बसगाड्या उभ्या राहतात. शेणाचा वास बरा होता.

हे घर, ओटा व कडुनिंबासह, मी माझी धाकटी सून सुगना, कै. तोताराम केवट याची विधवा, हिला देत आहे. तिच्या पश्चात तिची मुलगी निकिता हिला. सुगनाने दुसरं लग्न केलं तरी घर तिचंच राहील. वरात याच ओट्यावरून निघावी. सुगना, मान खाली घालू नकोस. तुझ्या सासूला डोळे आहेत, आणि तो मोटारपंप दुरुस्त करणारा आपल्याकडे बिघडलेला पंप नसतानाही येतो.

थोरला मुलगा बद्रीलाल यास या घरात कोणताही हक्क, हिस्सा, हितसंबंध राहणार नाही. सदर घर मंडळास दान देणे, भाड्याने देणे, 'श्रद्धेने समर्पित' करणे, किंवा त्यावर तोतारामचे स्मारक, सभागृह, ध्यानकुटी अथवा फोटो काढून घेण्याची जागा बांधणे, यास माझी साफ मनाई आहे. येत्या नर्मदा जयंतीला माझ्या ओट्यावर स्मारकाची पहिली वीट ठेवायची असं मंडळाने छापून टाकलं आहे. दानपत्रावर मी अंगठा दिला नाही, म्हणून बद्रीने त्यांना काय सांगितलं ते मी याच ओट्यावर, पडद्याआड बसून, माझ्या कानांनी ऐकलं.

"म्हातारीचं मन वळत नाही, महाराज. पण माझं नाव आहेच की वारसात. थोडा धीर धरा."

धीर धरा! किती दिवस रे बाळा? तुझी आई मरेपर्यंत ना? धरा मग. हा मी तुमचा धीर कागदावर उतरवून ठेवला.

कलम दुसरे : कारण.

वकील म्हणतात, कारण द्यायची कायद्याने गरज नाही. कायद्याला नसेल. मला आहे. मुलाला वगळलं तर लोक म्हणतील म्हातारी चळली, सुनेने जादू केली. म्हणून ऐका.

आमच्याकडे नर्मदा जयंतीला मैयाला चुनरी नेसवतात. या तीरापासून त्या तीरापर्यंत, साडीला साडी बांधून. माझ्या सासूच्या काळात प्रत्येक घरून एक सुती साडी यायची. नवी नको, धुतलेली चालायची. बायका घाटावर बसून पदराला पदर शिवायच्या, केवटांची पोरं नावेतून टोक पलीकडे न्यायची. मध्ये धारेने ओढलं की कुठेतरी टरकायची. टरकली की सगळे हसायचे; म्हणायचे, मैयाला ही साडी आवडली नाही, दुसरी आणा. पलीकडे पोचली की केवट ती उसवायचे. फाटक्या तुकड्यांवर हक्क आमचा. माझ्या सगळ्या गोधड्या त्या तुकड्यांच्या.

मग मंडळ आलं. तीर्थेशानंद महाराज आले, त्यांच्यामागून पांढऱ्या गाड्या आल्या, गाड्यांमागून चॅनेलवाले. महाराज म्हणाले, गाठी मारलेली चुनरी म्हणजे खंडित भक्ती. यंदापासून अखंड चुनरी. गिरणीत एका ताग्यात विणलेली, नायलॉनची, केशरी, जरीकाठाची, कुठेही जोड नाही. कुठल्याशा विक्रमांच्या पुस्तकात नाव जाणार होतं. एवढ्या जन्मात नर्मदेने कुणाला विचारलं नाही की माझं नाव कुठल्या पुस्तकात आहे. पण असो.

बद्री तेव्हा नुकताच मंडळाचा व्यवस्थापक झाला होता. पांढरा कुर्ता, गळ्यात ओळखपत्र, हातात माईक. मला अभिमान वाटला होता, खोटं का सांगू. नाववाल्याचा पोरगा माईकवर बोलतोय आणि कलेक्टरची बायको ऐकतेय.

धाकटा तोता नेहमीसारखा नावेत. तोता कसा होता हे इथे लिहून ठेवायला हवं, कारण मंडळाच्या भिंतीवर भलतंच लिहिलंय. तोता मासे मारायचा, मासे खायचा, रश्शात मीठ कमी पडलं की ताट सरकवायचा. देवळात जायचा तो प्रसादाला, आणि खोबरं मोठं मिळावं म्हणून रांगेत दोनदा उभा राहायचा. सुगनाला हसवून हसवून रडवायचा. लहानपणी थोरल्याच्या घशात एकदा काटा अडकला, तेव्हापासून बद्रीला मासा खायची भीती. हा धाकटा असून त्याच्या ताटातले काटे काढून द्यायचा, लग्नं झाल्यावरही. बद्रीची ममता हसायची. हा म्हणायचा, "हसा. पण दादाचा घसा मंडळाच्या कामाचा आहे, जपला पाहिजे."

त्या जयंतीच्या दिवशी चुनरी अर्ध्या धारेत गेली आणि महाराजांच्या मोटारनावेच्या पंख्यात अडकली. सुती असती तर टरकून मोकळी झाली असती. नायलॉन कुठली टरकते? नाव जागच्या जागी घुसमटली. वर ते उडतं यंत्र घरघरत फोटो घेतंय, घाटावर गर्दी जय जय करतेय, तिला वाटलं हा सोहळ्याचाच भाग. तोताने आपली नाव जवळ घेतली, वाकून बघितलं आणि ओरडला, "दादा, कापतो रे!"

बद्री माईकवर होता. त्यामुळे त्याने जे म्हटलं ते साऱ्या गावाने ऐकलं, मीही ऐकलं, मैयानेही ऐकलं असणार.

"कापू नकोस! अखंड आहे ती! हाताने सोडव!"

तोता हसला. इथून मला त्याचे दात दिसले. थोरल्याची आज्ञा. कमरेची सुरी काढून त्याने नावेच्या फळीवर ठेवली आणि रिकाम्या हाताने पाण्यात उतरला. एकदा वर आला, श्वास घेतला, "निघतंय, निघतंय," म्हणाला. पुन्हा गेला. ती चुनरी धारेने शिडासारखी फुगली होती. ती त्याच्या पायाला, मग कमरेला गुंडाळली गेली. मग वर आला नाही.

मग मात्र सगळ्यांकडे सुऱ्या निघाल्या. कापूनच बाहेर काढला त्याला. म्हणजे अखंड राहिली नाहीच ती. दोन टोकं मागून चिकटवली आणि विक्रम झाल्याचं जाहीर केलं ते वेगळं.

मी घाटावर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, केसांतून पाणी गळत होतं, तेव्हा महाराज पायऱ्या उतरून आले. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "माताजी, रडू नका. ही जलसमाधी आहे. असं मरण योग्यांनाही मिळत नाही. मैयाने त्याला पदरात घेतलं."

मी म्हटलं, "मैयाचा पदर नव्हता तो, बाबा. गिरणीचा होता. तुम्ही नेसवलात."

ते 'ओम शांती' म्हणाले. मोठ्या माणसांना उत्तर सुचलं नाही की ते ओम शांती म्हणतात.

कलम तिसरे : पुढे काय झालं ते, म्हणजे गैरसमज नको.

बाराव्याच्या आत मंडळाच्या सभागृहात तोताचा फोटो लागला. मतदार कार्डावरचा, मोठा केलेला. डोक्यामागे पिवळं वर्तुळ काढलंय. मिशा बारीक केल्यात. गळ्यात तुळशीची माळ रंगवलीय. खाली काय लिहिलंय ते निकिताने वाचून दाखवलं : 'संत तोतारामजी, आजन्म शाकाहारी, मौनव्रती, ज्यांनी अखंड चुनरीच्या रक्षणार्थ स्वेच्छेने जलसमाधी घेतली.' पोरगी वाचता वाचता थांबली. म्हणाली, "आजी, बाबा मौनव्रती?" आणि हसली, आणि हसतानाच रडायला लागली. एका ओळीत चार थापा. त्याच्यापुढे दानपेटी. बाया माथा टेकतात, नवस बोलतात. परवा एकीने माझ्या पाया पडून मुलगा मागितला. मी म्हटलं, बाई, माझाच राहिला नाही, तुला कुठून देऊ?

पुढल्या वर्षी मंडळाने 'केवट सन्मान' ठेवला. मला स्टेजवर खुर्चीत बसवलं. महाराजांनी चांदीच्या ताटात गुलाबपाण्याने माझे पाय धुतले. फोटोवाला म्हणाला, "महाराजजी, एकदा पुन्हा, माताजींच्या डोळ्यांवर सावली आली." पुन्हा धुतले. आयुष्यात माझे पाय इतके स्वच्छ कधी नव्हते. मग शाल, मग नारळ, मग टाळ्या. मग जेवणाची वेळ झाली. मी सगळ्यांबरोबर आत निघाले, तर ओळखपत्रवाला एकजण आडवा आला : "माताजी, तुमच्या लोकांची पंगत तिकडे, शेडमध्ये. इकडे स्वयंपाकघर पवित्र आहे."

पाय चालले. हात चालले नाहीत.

जुनं सगळं सोनं होतं असं म्हणणारी मी नाही. जुना पुजारीही आमच्या हातचं पाणी घेत नव्हता. पण तो आमचे पायही धुवत नव्हता. निदान त्याची घाण एका रंगाची होती.

आता तर सगळीकडे भक्तीच भक्ती. आरतीला दुसऱ्या गावाहून शिकून आलेली पोरं, सगळ्यांची एकसारखी इलॅस्टिकची धोतरं; दिवसा हीच पोरं लग्नात वाढपी असतात. पुढच्या पायरीवर बसायचं तर पास लागतो. परिक्रमावासी वातानुकूलित बसने येतात, 'नर्मदे हर' म्हणायला खाली उतरतात आणि चप्पल ओली होईल म्हणून लगेच चढतात. मैया मैया म्हणतात, तिच्यात साबणाच्या पुड्या टाकतात, तिच्याच तोंडावर चूळ भरतात, आणि लहान पोरं पायरीवर हात पसरून बसलेली असताना कॅनभर दूध धारेत ओततात. मासेसुद्धा ते दूध पीत नाहीत, विचारा मला. माझा इंदूरचा नातू, बद्रीचा अंकित, त्याच्या उंच बिल्डिंगमध्ये गाड्या लावतात तिथे देऊळ आहे म्हणे; बटण दाबलं की घंटा, ढोल, आरती सगळं विजेवर वाजतं, माणूस लागत नाही. तो सुगनाच्या फोनवर रोज सकाळी गुलाबाची फुलं घातलेला देव पाठवतो. देव रोज येतो. नातू येत नाही.

मी नास्तिक नाही, कोणी तसा आरोप करू नये. उठल्यावर पहिला हात मी मैयाच्या पाण्याला लावते. तिने माझं घर नेलं, नवऱ्याचं पोट भरलं, मुलगा पोसला. मुलगा तिने घेतला असता तर मी तिच्याशी भांडले असते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्यातच आंघोळ केली असती. आमचं तसंच आहे. पण तो तिने घेतला नाही. आणि जो तिने घेतला नाही, तो तिच्या नावावर घालू देणार नाही. उद्या माझ्या ओट्यावर संगमरवर चढला की नातवाच्या पोरांना तेच खरं वाटेल. घर सुगनाकडे राहिलं तर तिथे निदान एका चुलीवर तरी खरी गोष्ट सांगितली जाईल. म्हणून घर सुगनाचं. एवढंच कारण आहे.

कलम चौथे : बाकीची चीजवस्तू.

लाकडी नाव, वल्ही व बांबूसह, निकिताला. बायका नाव हाकत नाहीत असं जे म्हणतील त्यांना निकिताने अर्ध्या धारेत नेऊन विचारावं.

जाळी दोन, एक धड, एक फाटकी. धड जाळं सुगनाचा भाऊ नेईल. फाटकं काकडीच्या वेलावर घालावं.

बँकेत आहे ते थोडं आहे, ते सुगनाचं. त्यातून माझ्या लाकडांचा खर्च करावा.

गोधड्या : निळ्या काठाची शकूरभाईंच्या घरी द्यावी, तोता गेला तेव्हा महिनाभर त्यांच्या घरून डाळ येत होती, आणि देताना कोणी फोटो काढला नाही. हिरवी वकिलांना. ("माय, मला नको." "गप लिही. तुझ्या बायकोने फोनवर मागितलीय.") मोठी, चौकटीची, माझ्यावर घालून मला न्यावं. मंडळास एकही गोधडी नाही. त्यांच्याकडे हीटर आहेत.

सन्मानाची शाल : चुलीवरचं पातेलं उतरवायला वापरते आहे. तशीच वापरावी. चटका बसत नाही, तेवढी चांगली आहे.

तोताची सुरी बद्रीला.

ती मी त्या दिवशी नावेच्या फळीवरून उचलून आणली. दर अमावास्येला राखेने घासते, आज सकाळीही घासली. बद्री, तिला गंज चढू देऊ नकोस. मी ती तुला टोचायला देत नाही. तुला वाटतं मला कळत नाही. जलसमाधी म्हटलं की तुला झोप लागते, हे मला त्या पहिल्या आठवड्यातच कळलं. तो संत झाला तर तू संताचा भाऊ; तो नुसता बुडाला तर तू माईकवरचा माणूस. म्हणून तुला स्मारक हवंय. जेवढं मोठं स्मारक, तेवढी गाढ झोप. अरे, पण तो रागावला नव्हता तुझ्यावर. हसत गेला. मी इथून बघितलं. त्याच्या हसण्यावर तू संगमरवर कशाला घालतोस?

पुढच्या वेळी कुठेही काही अडकलं, कुणीही माईकवरून काहीही म्हणालं, तरी कापायचं. त्यासाठी सुरी.

कलम पाचवे : माझी तिरडी.

मला नावेतून केवटघाटावर न्यावं. निकिता हाकेल. लाऊडस्पीकर नको, गाडीवर फुलं नकोत, मोबाईल धरून रडणारं कोणी नको. मैयात दूध ओतू नये. मोहल्ल्यातल्या पोरांना खीर करावी. मंडळाने माझ्या नावापुढे 'माँ', 'साध्वी', 'वीरमाता' यांतलं काहीही लावल्यास ती बदनामी समजावी. मी मासेवाली गेंदा होते, आणि वजनात कधी मारलं नाही. एवढी ओळख पुरे.

कलम सहावे : फोटो.

तोतारामचा सभागृहातील फोटो उतरवून माझ्या घरी द्यावा, अशी मी मंडळास तोंडी तीनदा विनंती केली. दर वेळी चहा पाजून परत पाठवलं. वकिलांना विचारलं, तर ते म्हणाले, "माय, फोटोच्या बाबतीत कायदा जरा लुळा आहे. नोटीस देऊ, तारखा पडतील..."

मी म्हटलं, "राहू दे मग. कायद्याने होत नसेल तर नैवेद्याने करू."

संत म्हटला की नैवेद्य आला. नैवेद्य संताच्या आवडीचा हवा, आणि संताची आवड त्याच्या आईहून कोणाला ठाऊक? सबब, माझ्या तेराव्या दिवसापासून, व पुढे फोटो तिथे असेपर्यंत दर अमावास्येला, सुगनाने काशाच्या ताटात रोहूचा रस्सा, अंबाडी घालून आंबट केलेला, मीठ चढं, ज्वारीची भाकर आणि हिरवी मिरची असं वाढून, ताट उघडं धरून, घाटाच्या पायऱ्यांवरून सभागृहात न्यावं व फोटोपुढे ठेवावं. हात जोडावेत. बोलू नये, मौनव्रती ना ते. कोणी आडवं आलं तर शांतपणे विचारावं : "संत आहेत ना? मग त्यांच्या आवडीचं का चालत नाही? चालत नसेल तर फोटो उतरवा. न्यायला मी पिशवी आणलीय." पिशवी खरोखर बरोबर न्यावी. कापडी, खिळ्यावर टांगलेली.

फोटो घरी आल्यावर निकिताने त्याच्या मिशा काळ्या पेनाने जाड कराव्यात.

येणेप्रमाणे मी हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने, अक्कलहुशारीने आणि आयुष्यभराच्या संतापाने करून दिलं आहे. ते मला अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवण्यात आलं; दोन ठिकाणी वकिलांनी भाषा मऊ केली होती, ती मी परत कडक करून घेतली.

निशाणी डावा अंगठा
गेंदाबाई मांगीलाल केवट

साक्षीदार :
१. शकूर वल्द इस्माईल मोमीन, विणकर. (सही)
२. रमाकांत शुक्ल, जुन्या घाटाचे पुजारी. (सही) यांनी सही करताना विचारलं, "गेंदा, त्या सहाव्या कलमाला मीही साक्षी?" मी म्हटलं, "तुमच्या गळ्याची जागा स्पीकरने घेतली ना, पंडितजी? मग करा." केली.

लेखक : भास्कर नारायण मुळ्ये, वकील.
ठिकाण : पिपलीघाट. मौनी अमावास्या, शुक्रवार, दिनांक ९ फेब्रुवारी २०२४.

अंगठ्याची शाई पुसल्यावर आठवलं, वकील म्हणतात तेही लिहिता येईल, खाली पुन्हा अंगठा द्यावा लागेल. देते.

सुगना, तेराव्याला ते ताट सभागृहात नेशील तेव्हा दुसरं एक ताट बद्रीच्या घरी पाठव. दोन वर्षं त्याने मासा तोंडात घातलेला नाही. मंडळ म्हणतं वैराग्य. मला ठाऊक आहे कशाने ते. रोहूचा पोटाकडचा तुकडा, रस्सा बेताचा, भाकरी दोन, कांदा फोडून. तुकड्यातले काटे काढून पाठव. तुझ्या मनात आलं नाही तर राहू देत काटे, मी वरून बोल लावणार नाही. तुझं दुःख तुझं आहे. पण ताट पाठव, आणि गरम असताना पाठव.

निशाणी डावा अंगठा